विनरेट दर वेळी खाली काहून येतो? मावसभावाच्या ३९ हजार हँडचा हिशोब

प्रॉब्लेम माझ्या मावसभावाचा आहे, पण नागपुरात ज्या-ज्या पोरांसोबत मी पोकरवर बोललो त्यातल्या बहुतेकांचं रडगाणं हेच होतं, म्हणून नीट बसून लिहून काढतो. दहा हजार हँड (म्हणजे डाव) झाले तेव्हा ट्रॅकर, म्हणजे हँडचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर, त्याला शंभर हँडमागे २२ बिग ब्लाइंडचा फायदा दाखवत होता (बिग ब्लाइंड म्हणजे दर हँडच्या आधी एकाने टाकायची ठरलेली रक्कम, आणि शंभर हँडमागचा हा फायदा म्हणजेच विनरेट), बत्तीस हजारावर तोच आकडा १४ वर आला, आणि दर वेळी तो म्हणायचा की दादा, आता हा पक्का आकडा, याच्या खाली जात नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा खाली. म्हणजे खेळ बिघडला का, सॉफ्टवेअर चुकून राहिलं का, की कोणी फसवून राहिलं? तिन्ही नाही. आकडा काढायची पद्धत चुकीची आहे, आणि ती दुरुस्त करता येते, बारावीच्या गणिताच्या वर काही लागत नाही.

घाई काहून होती ते आधी सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा पास झाला, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली, मग तो स्किलचा असो की नशिबाचा, आणि ॲपवरचे पैशाचे टेबल बंद झाले. त्याच्याजवळ उरली फक्त जुनी हँड हिस्टरी, म्हणजे खेळलेल्या हँडची नोंद. आणि त्या हिस्टरीच्या भरवशावर त्याने मनात ठरवलं की मिहानमधली नोकरी सोडायची, पणजीला खोली घ्यायची आणि मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर रोज बसायचं. मावशीला माहीत नव्हतं, मला रविवारी सकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यावर उभ्या-उभ्या सांगितलं. मी पोहे अर्धे सोडले आणि त्याला म्हटलं लॅपटॉप घेऊन घरी ये.

पहिली गोष्ट युनिट. ही दोन मिनिटांत होते म्हणून आधी करा. आजकाल सगळे बीबी म्हणजे बिग ब्लाइंड धरतात, पण जुन्या काळी लिमिट पोकरमुळे ट्रॅकरमध्ये बिग बेट चालायचा आणि एक बिग बेट म्हणजे दोन बिग ब्लाइंड. जुन्या पोस्टमध्ये कोणी ४ लिहिलं असेल तर ते आजचे ८ असू शकतात. तुलना करायच्या आधी हे बघून घ्या, आणि रेकबॅक (टेबल चालवणारा जो रेक म्हणजे कट कापतो, त्यातला परत मिळालेला भाग) किंवा बोनस विनरेटमध्ये मिसळला असेल तर तो वेगळा काढा. त्याच्याकडे हे ठीक होतं, पुढे गेलो.

आता खरी गोष्ट. ट्रॅकरमध्ये स्टँडर्ड डेव्हिएशनचा कॉलम असतो, शाळेतलं प्रमाण विचलन तेच, बहुतेक लोक तो उघडतच नाहीत. सहा जणांच्या नो-लिमिट होल्डममध्ये हा आकडा शंभर हँडमागे साधारण ८० ते १०० बीबी येतो, पॉट-लिमिट ओमाहा या पोकरच्या दुसऱ्या प्रकारात त्याहून बराच जास्त. मावसभावाचा ८८ होता. याचा अर्थ असा की शंभर हँडच्या एका गठ्ठ्यात तुमचा निकाल सरासरीच्या ८८ खाली किंवा ८८ वर जाणं ही एकदम रोजची गोष्ट, आणि आपण शोधून काय राहिलो तर ३ की ५ की १४. ट्रकच्या वजनकाट्यावर सोनं मोजल्यासारखं आहे ते, काटा खोटा नाही पण तो तेवढं बारीक दाखवूच शकत नाही. सॅम्पल वाढवला की काटा बारीक होत जातो, फक्त फार हळू: एकूण हँडला शंभराने भागा, वर्गमूळ काढा, आणि ८८ ला त्याने भागा. दहा हजार हँड म्हणजे शंभर गठ्ठे, वर्गमूळ दहा, चूक (म्हणजे दिसणारा आकडा खऱ्यापासून साधारण किती हलू शकतो ते) ८.८. याच्या दुप्पट खाली-वर धरायची, म्हणजे २२ दिसत असेल तर खरा आकडा ४ ते ४० मध्ये कुठेही. बत्तीस हजारावर चूक ४.९ उरते. एक लाखावर २.८. दहा लाख हँड खेळले तरी ०.९, म्हणजे तेव्हाही तुम्ही ३ चे आहात की ५ चे हे छातीठोकपणे सांगता येत नाही! चूक निम्मी करायला हँड चारपट लागतात, इथेच सगळ्यांचा धीर सुटतो.

पण एवढ्याने त्याचा प्रश्न सुटत नव्हता. तो म्हणाला, दादा, चूक दोन्हीकडे असते ना, मग आकडा कधी वर पण गेला पाहिजे, दर वेळी खालीच काहून? प्रश्न बरोबर होता आणि मला वाटते सगळं प्रकरण याच प्रश्नात आहे. ज्या पोराचा पहिल्या दहा हजारात उणे ८ आला तो हिशोब घेऊन कोणाकडे जातच नाही, तो ॲप काढून टाकतो. हिशोब करायला बसतो तोच ज्याचा आकडा आधीच चढलेला असतो. म्हणजे आपण सुरुवातच अशा जागेवरून करतो जिथे नशीब आपल्या बाजूने झुकलेलं असण्याची शक्यता जास्त, आणि तिथून पुढे नुसतं नॉर्मल नशीब जरी मिळालं तरी सरासरी खाली उतरणारच. खेळ बिघडायची गरजच नाही.

मग मी त्याला विचारलं, हे बत्तीस हजार तुझे पहिल्यापासूनचे आहेत का? थोडा थांबला. म्हणाला, नाही, त्याच्या आधीचे सात हजार होते पण ते शिकतानाचे, त्यात मी हारत होतो, म्हणून ते काढून टाकले. कधी काढले? पहिल्यांदा ग्राफ हिरवा झाला तेव्हा.

इथे मला काटोलचे मामा आठवतात. त्यांची संत्र्याची बाग, आणि एक लांब लाल वही, तिच्यात दर सालचा आंबिया बहार किती निघाला, कळमन्याला भाव काय लागला, सगळं पेनाने लिहिलेलं. नवीन झाडाची पहिली चार-पाच वर्षं मामा उत्पन्नाच्या सरासरीत धरत नाहीत. पण ते झाड लावायच्या दिवशीच ठरलेलं असते, फळ बघून नाही. गारपिटीने बहार झडला त्या सालच्या ओळीवर मात्र त्यांनी कधी रेघ मारली नाही, ती ओळ तशीच्या तशी सरासरीत जाते. सात हजार हँड शिकायचे म्हणून सोडायचे असं पहिल्या दिवशी लिहून ठेवलं असतं तर मी मान्य केलं असतं. हारलेले दिसले म्हणून सोडले, तर ते गारपिटीचं साल खोडण्यासारखंच झालं. आम्ही ते परत टाकले. बत्तीस हजारात ४,४८० बीबीचा फायदा होता, सात हजारात ८४० चा तोटा, एकूण ३९ हजार हँडमध्ये ३,६४०, म्हणजे शंभरामागे ९.३. चौदाचा नऊ झाला, एकही नवीन हँड न खेळता.

तरी त्याचा चेहरा सांगत होता की नऊ पण मस्त आहे. आणि त्याने ईव्हीचा, म्हणजे अपेक्षित निकालाचा, ग्राफ काढला, म्हणे ईव्हीत तर मी यापेक्षा वर आहो. बऱ्याच जणांचा हा शेवटचा पत्ता असतो. ऑल-इन ईव्ही फक्त एवढं करते की पैसे सगळे आत गेल्यावर पुढचे पत्ते कसे पडले ते नशीब बाजूला काढते. तुम्हाला एक्क्यांची जोडी किती वेळा आली, समोरच्याला त्याच वेळी राजांची आली का, टेबलावर कच्चे लोक किती बसले होते, हे नशीब त्यात तसंच राहते. थोडा फरक पडतो, आकडा जरा शांत होतो, पण ईव्हीच्या आकड्यालाही मोठी चूक चिकटलेलीच असते.

त्याला सूत्र पटत नव्हतं, म्हणून आम्ही हाताने केलं, आणि मी म्हणेन तुम्ही पण एकदा हाताने कराच. हजार-हजार हँडचे ३९ तुकडे पाडले, प्रत्येकाचा निकाल एका चिठ्ठीवर लिहिला, दिवाळीच्या फराळाचा रिकामा स्टीलचा डबा घेतला आणि चिठ्ठ्या घड्या घालून त्यात टाकल्या. सगळ्यात वरची चिठ्ठी अधिक ६९०, सगळ्यात खालची उणे ५४०. मग एक चिठ्ठी काढायची, आकडा लिहायचा, चिठ्ठी परत डब्यात, डबा हलवायचा, पुन्हा काढायची, असं ३९ वेळा. परत टाकणं महत्त्वाचं आहे, नाही तर दर वेळी बेरीज तीच येईल. त्या ३९ आकड्यांवरून एक विनरेट काढायचा, म्हणजे त्याच पोराचं, त्याच खेळाचं, दुसरं एक नशीब. मावशी चहा घेऊन आली, म्हणाली काय रे, सोडत काढून राहिले का? तीन फेऱ्या हाताने झाल्यावर बाकीच्या शीटवर टाकल्या, एकूण वीस. सगळ्यात कमी आला ०.७ आणि सगळ्यात जास्त १८.४. तो बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसला. सूत्राने ३९ हजार हँडवर ४.५ ची चूक निघते, तो आकडा त्याला दिसला नव्हता, हा दिसला.

मग त्याने स्वतःहून वरच्या तीन चिठ्ठ्या बाजूला काढल्या, ६९०, ६१० आणि ५७५, आणि उरलेल्या छत्तीसांची सरासरी काढली तर ४.९ आली. हे काही न्याय्य नाही, फक्त चांगल्याच काढल्या तर आकडा पडणारच, तसा अंदाज काढायचा नसतो. पण अर्धा विनरेट तीन हजार हँडवर उभा होता हे त्याला तेव्हा कळलं. त्या ६९० वाल्या चिठ्ठीतला एक हँड त्याने उघडून दाखवला: याच्याकडे राजांची जोडी, समोर एक्क्यांची, दोघांचे शंभर-शंभर बीबी फ्लॉपच्या (टेबलावरच्या पहिल्या तीन खुल्या पत्त्यांच्या) आधीच आत, आणि टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, राजा पडला. एक्के अशा ठिकाणी ८२ टक्के वेळा जिंकतात. तो एक पत्ता पडला नसता तर दोनशे बीबीचा फरक, म्हणजे ३९ हजार हँडच्या विनरेटमध्ये अर्धा बीबी, एका पत्त्यामुळे.

आता अंदाज काढायचा कसा. नुसता स्वतःचा आकडा घेऊन भागत नाही, कारण आपल्याला आणखी एक गोष्ट पक्की माहीत असते: टेबलावर एक जण जिंकतो ते दुसऱ्याच्या खिशातून येते, आणि वरून रेक बाहेर जातो. म्हणजे टेबलावरच्या सगळ्यांची सरासरी शून्य नसते, शून्यातून रेक वजा करून जे उरते ते असते. त्याच्या टेबलांवर कापलेला एकूण रेक काढून खेळाडूंमध्ये वाटला तर माणशी शंभर हँडमागे साधारण ६ बीबी निघत होता, छोट्या टेबलांवर रेक असाच जड असतो. तर अनोळखी माणसाबद्दल पहिला अंदाज उणे ६. तपासायला एक सोपी खूण: सहा जणांच्या टेबलावर जो प्रत्येक हँड फेकून देतो तो दर सहा हँडमागे दीड बीबी हारतो, म्हणजे शंभरामागे २५. सरासरी माणूस त्याच्यापेक्षा बराच बरा खेळतो, तरी तोट्यातच असतो.

आता पोरापोरांत फरक असतो, काही उणे १२ चे, काही अधिक ५ चे, तो फरक (इथेही प्रमाण विचलनच) मी ६ चा धरला, हा माझा अंदाज आहे, तुम्ही ५ धरा की ७ धरा, निकाल साधारण अडीच ते पाचमध्ये राहतो. मग दोन आकड्यांना वजन द्यायचं. लोकांमधल्या फरकाचा वर्ग ३६. आपल्या चुकीचा वर्ग, ३९ हजार हँडवर, साधारण २०. स्वतःच्या आकड्याला वजन ३६ भागिले ५६, म्हणजे ०.६४, आणि उरलेलं ०.३६ वजन त्या उणे ६ ला. नऊ पूर्णांक तीनातून सहा येतात, उणे सहातून दोन जातात, उरले चार.

चार. बावीस, चौदा आणि नऊनंतर हा आकडा ऐकून तो काहीच बोलला नाही. मग मीच त्याला जुन्या टप्प्यांवर हीच रीत लावून दाखवली. दहा हजार हँडवर २२ दिसत होते तेव्हा चूक ८.८ होती, तिचा वर्ग ७७, स्वतःच्या आकड्याला वजन फक्त ०.३२, अंदाज निघाला ३. बत्तीस हजारावर १४ दिसत होते तेव्हा ६. आणि आता सगळे हँड धरून ४. तीन, सहा, चार! म्हणजे ही रीत पहिल्या दिवसापासून वापरली असती तर आकडा कोसळतो हा प्रॉब्लेम त्याला आलाच नसता.

त्या चारलाही आपली चूक असते, साधारण साडेतीन, म्हणून उणे ३ पासून अधिक ११ पर्यंत सगळं शक्य आहे, आणि तो मुळात हारणाराच खेळाडू असण्याची शक्यता सातात एक. माझं म्हणणं असं की प्लॅन करताना मधला आकडा पण धरू नये, खालच्या बाजूचा, १ किंवा २ धरावा. पोटाचा प्रश्न असेल तर नक्कीच.

चार आणि चौदात व्यवहारात फरक किती पडतो? त्याच्याकडे वीस बाय-इन होते (एकदा टेबलावर बसताना आणायचे पैसे, इथे शंभर बीबी), म्हणजे दोन हजार बीबी. शंभरामागे १४ चा खरा विनरेट असेल तर ते वीस बाय-इन कधीतरी पूर्ण उडायची शक्यता हजारात एकापेक्षा कमी. खरा विनरेट ४ असेल तर आठात एक. २ असेल तर तीनात एक! आणि हे तेव्हा, जेव्हा त्यातून घरभाड्याला एक रुपया काढला नाही. तेच वीस बाय-इन, फक्त आकडा आपण कोणता खरा मानला यावर पोरगा सुखरूप आहे की रस्त्यावर हे ठरते. म्हणून मला या विषयाची एवढी काळजी वाटते, ग्राफ चुकीचा वाचला म्हणून चांगल्या हुशार पोरांनी साठवलेले पैसे घालवलेले मी पाहिले आहेत.

लाइव्हचं, म्हणजे समोरासमोर टेबलावर बसून खेळायचं, गणित थोडक्यात. त्याचा हिशोब होता तासाला १० बीबी, १००-२०० च्या टेबलावर (म्हणजे बिग ब्लाइंड २०० रुपये), महिन्याला २०० तास, चार लाख. लाइव्ह टेबलावर तासाला २५-३० हँड मिळतात. शंभरामागे ४ म्हणजे तासाला १.२ बीबी, महिन्याला ४८ हजार. समोरचे कच्चे असतात म्हणून दुप्पट धरा, पण ती दुप्पट त्याने अजून खेळून दाखवलेली नाही. आणि चढउतार? तासाचा ४८ बीबी, दोनशे तासांचा जवळपास ६८०, म्हणजे एक लाख छत्तीस हजार रुपयांचा झोका, दर महिन्याला, दोन्हीकडे. अठ्ठेचाळीस हजारांच्या सरासरीवर तीनातला एक महिना तोट्यातच जाईल. वरून जिंकलेल्या पैशावर सरळ ३० टक्के इन्कम टॅक्स आणि सेस, आणि पणजीतलं भाडं-जेवण त्यातून वजा करता येत नाही. ऑनलाइनचे बत्तीस हजार हँड त्याने फावल्या वेळात, चार-चार टेबल लावून खेळले होते. तेवढेच जहाजावर खेळायला हजाराच्या वर तास लागतात, आठवड्याला ४० तास बसला तरी सहा महिने, आणि त्यानंतरही चूक तेवढीच मोठी राहणार.

एक गोष्ट आणखी, कारण ती नेहमी विचारतात: मग सॅम्पल जमेपर्यंत काय करायचं, नुसतं बसायचं? विनरेटपेक्षा लवकर स्थिर होणारे आकडे असतात ते बघा. किती टक्के हँड खेळता, त्यात किती रेझ करता (म्हणजे बोली वाढवता), बिग ब्लाइंड टाकायची पाळी आपली असते तेव्हा किती हारता. पहिले दोन काही शे हँडमध्येच बऱ्यापैकी बसतात. बिग ब्लाइंडला वेळ लागतो, पण तिथे सगळं फेकलं तर शंभरामागे १०० जातात हे पक्कं माहीत असते, म्हणून तुमचा उणे ७० असेल तर तुम्ही काय करून राहिले याची मोटामोटी कल्पना येते. खेळ सुधारायचा असेल तर इथे वेळ घाला. ऑनलाइन बंद झालं म्हणून परदेशी साइटवर पैसे टाकून सॅम्पल वाढवायच्या भानगडीत मात्र पडू नका, कायद्याच्या बाहेरची गोष्ट आहे आणि पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही.

राजीनामा त्याने सध्या थांबवला. मावशीला अजून सांगितलं नाही, ते त्याचं तो बघेल. सुट्टी घेऊन पाच दिवस गोव्याला जाणार आहे, आणि त्यासाठी आम्ही नवीन शीट केली: तारीख, किती तास बसला, किती आणले, किती नेले, कोणतं टेबल. विनरेट दर सेशनला काढायचा नाही, शंभर तासांनी एकदा. आणि कॉलमच्याही वर, पहिल्या ओळीत, त्याने स्वतः टाइप केलं की हिशोब या सेशनपासून सुरू आणि ही ओळ नंतर बदलायची नाही.